हत्तूला न धुतल्याबद्दल

प्रिय ओमा,

हे पत्र मराठीत आहे आणि तुम्हाला ते वाचता येणार नाही. जर्मनमध्ये मी तुमचे आभार तीनदा मानून झाले, पण दर वेळी ते पोस्टाच्या पावतीसारखे कोरडे वाटले. मग म्हटलं, जे सांगायचंय ते आधी आपल्या भाषेत सांगून टाकू. पुढे तुमच्या फोनमधलं भाषांतर त्याचं काय करायचं ते करेल. हत्तूच्या निरोपांचं त्याने जे केलं, ते आमच्या घरात पाठ आहे.

बाकी वाचणाऱ्यांना हत्तू कोण ते सांगायला हवं. माझ्या आईने जुन्या इरकली लुगड्यातून शिवलेला हा वीतभर हत्ती. पोटात कापूस कमी आणि चिंध्या जास्त, डोळे बाबांच्या सदऱ्याच्या गुंड्यांचे, एक कान मोठा, एक लहान. आई गोधडी घालायला बसली की त्याच्याच पाठीत सुया खोचून ठेवायची आणि माझी लेक चिऊ किंचाळायची, "आजी, त्याला दुखतंय!" आई गेली त्याला आता दीड वर्ष होईल. चिऊला आजी आठवते ती हत्तूच्या वासातून: खोबरेल, कापूर आणि कराडच्या घरातली लोखंडी ट्रंक.

आम्ही हॅम्बुर्गला असतो. ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात दक्षिणेकडे फिरायला गेलो होतो, आणि परतीच्या दिवशी गिंगेनला थांबलो ते हत्तूच्याच नावाने. ब्रेन्झ नदीकाठचं हे लहानसं गाव म्हणजे कापडी हत्तीचं माहेर. मार्गारेटे श्टाइफ इथे १८४७ साली जन्मली. पोलिओने पाय गेले, उजव्या हातात जोर नाही, म्हणून शिवणयंत्र उलटं फिरवून घेऊन डाव्या हाताने चाक फिरवायची. १८८० च्या सुमारास तिने नमद्याचा एक हत्ती विकायला काढला. तो खेळणं म्हणून शिवलेलाच नव्हता, सुया टोचायची गादी होती ती! पोरांनी पळवला आणि त्याचं खेळणं झालं. संग्रहालयात हे वाचताना मी नवऱ्याकडे बघितलं, आणि दोघांनीही हत्तूच्या पाठीवरच्या भोकांकडे.

आणि त्याच दुपारी, त्याच गावात, आम्ही त्याला स्टेशनवरच्या बाकावर विसरलो. उल्मला गाडी बदलली, लेक झोपली, उठली, हात चाचपडला. पुढचं सांगत नाही.

हरवलेल्या वस्तूंचं एक कार्यालय असतं. त्यांच्या फॉर्मवर 'अंदाजे किंमत' असा रकाना होता. त्यात शून्य भरलं तर फॉर्म पुढे सरकेना. शेवटी एक युरो लिहिला. फोनवरचे गृहस्थ म्हणाले, "गिंगेनला हरवला? मग काय, तिथे दुकानभर हत्ती आहेत, नवा घ्या की." आणि हसले. दुसऱ्या खिडकीवरून उत्तर आलं, चौदा दिवस थांबा. त्यांना काय बोलू, आमच्या घरच्याच एका काकूंनी पुण्याहून सांगितलं, "पोरं दोन दिवसांत विसरतात गं." पोरं विसरतात की नाही ते माहीत नाही. मी विसरले नसते.

शेवटी मी फोन केला तो जिथे ब्रेत्झेल खाल्ले त्या बेकरीत. तिथल्या बाईंनी दाराच्या काचेवर चिठ्ठी लावली, आणि ती तुम्ही वाचलीत. एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी फोनवर फोटो आला: तुमच्या स्वयंपाकघराची खिडकी, काठावर हत्तू, शेजारी कॉफीचा कप. खाली मराठीत, 'मी नाश्ता केला गेलो. चिंता करू नका. तुमची ओमा.' ओमा म्हणजे आजी, हे मी चिऊला सांगितलं तेव्हा ती फोटोकडे बघतच राहिली.

गुड फ्रायडेपासून ईस्टरच्या सोमवारपर्यंत, मधला एक शनिवार सोडला तर, पोस्ट बंद. एखाद्याने हत्तूला पिशवीत घालून मंगळवारपर्यंत कपाटात ठेवलं असतं, आणि त्यालाही आम्ही देवमाणूसच म्हटलं असतं. तुम्ही त्याला गाव दाखवायला निघालात. दोन मनोऱ्यांच्या चर्चसमोर त्याला धरलंत. एक मनोरा एका तऱ्हेचा, दुसरा दुसऱ्याच. खाली लिहिलंत, 'यांचे पण कान सारखे नाहीत.' त्या दिवशी चिऊ पहिल्यांदा हसली. मग मार्गारेटेचं जन्मघर. मग तिच्या खेळण्यांच्या कंपनीची १९०३ सालची काचेची फॅक्टरी. आत शिवणाऱ्या मुली बाहेरून दिसत, म्हणून गाव तिला कुमारिकांचं मत्स्यालय म्हणायचं; काचेत हत्तू दोनदा दिसत होता. मग तो जुना नमद्याचा हत्ती आणि आमचा हत्तू, मध्ये प्रदर्शनाची काच. 'चुलत भाऊ भेटला. तो फार बोलत नाही.'

ह्युर्बेनच्या शार्लोटेनह्योलं गुहेत तुम्ही त्याला मफलर गुंडाळून नेलंत. ५८७ मीटर लांबीची गुहा, आत बाराही महिने गारठा, आणि तुमचे गुडघे दुखतात हे तुम्हीच नंतर एकदा बोलून गेलात. सोमवारी पुतण्याला गाडी काढायला लावून लोनं नदीच्या खोऱ्यात, फोगेलहेर्डच्या गुहेपाशी. तिथे २००६ साली हस्तिदंतात कोरलेला एक मॅमथ, म्हणजे हत्तीचा नामशेष झालेला केसाळ भाऊबंद, सापडला होता, जेमतेम ३.७ सेंटिमीटरचा आणि वयाने ३५ हजार वर्षांहून मोठा. तो मुठीत मावेल एवढा प्राणी कुणी कुणासाठी कोरला असेल? तुम्ही हत्तूला गवतावर बसवून लिहिलंत, 'हे आमचे पणजोबांचे गाव.' माझ्या नवऱ्याला इतिहासाचं वेड. तो त्या वाक्यावर दोन दिवस बोलत होता. चिऊने फक्त विचारलं, "त्याला तिथे थंडी वाजली का?"

हे सगळं छान होतं, ओमा. पण पत्र त्यासाठी नाही.

शनिवारी रात्री तुम्ही वेगळा निरोप पाठवलात, हत्तूच्या तोंडचा नाही, तुमचा. 'हा मळका आहे. मी आयुष्यभर शिवणकाम केलं, मला धुता येईल, सोंडेची शिवणही घालता येईल. पण मी नाक लावून पाहिलं. हा वास कुणाचा तरी आहे. म्हणून हात लावला नाही.'

मी तेव्हा भांडी घासत होते. नळ तसाच चालू राहिला.

हरवलेली वस्तू परत करणारे पुष्कळ असतात, मला मान्य आहे. कराडच्या डेपोत बाबांचा विसरलेला डबा एका कंडक्टरने दुसऱ्या दिवशी घासून-पुसून आणून दिला होता. त्याचं नावही आम्हाला कधी कळलं नाही. तो भलाच माणूस. पण घासून देणं हा भलेपणा सगळ्यांना सुचतो. उसवलेली शिवण डोळ्यासमोर, सुई-दोरा हाताशी, हात शिवणारे, आणि तरी थांबायचं, हे मला सुचलं नसतं. मी तर सरळ मशीनमध्ये टाकला असता, साबण जरा जास्तच घालून, म्हणजे त्यांना बरं वाटेल. आणि आईचं जे काही शिल्लक होतं ते चाळीस अंशांच्या पाण्यात गेलं असतं. त्या एक युरोवाल्या फॉर्ममध्ये यासाठी रकाना कुठे असणार? तुम्ही न विचारता ओळखलंत. मराठी नाही, आई माहीत नाही, कराड कुठे ते माहीत नाही. नाक लावलंत आणि कळलं.

बुधवारी पार्सल आलं. प्लास्टिकमध्ये नाही, तुमच्या उशीच्या सुती अभ्र्यात गुंडाळलेलं. वास टिकावा म्हणून, हो ना? चिऊने अभ्रा सोडला, तोंड खुपसलं आणि बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "आजी आहे. पण थोडी कॉफी पण आहे."

तो कॉफीचा वास आता त्याच्या डाव्या कानाजवळ आहे. असू दे.

सोंड मी अजून शिवलेली नाही. चिऊचं म्हणणं, ओमा येईल तेव्हा ओमाच शिवेल. उन्हाळ्यात तुम्ही हॅम्बुर्गला यायचं कबूल केलंय, ते मी धरून बसलेय. गुडघ्यांसाठी आमच्या घरी लिफ्ट आहे आणि पुरणपोळी मी करते, जमेल तशी. तोवर अभ्रा परत पाठवतेय. आत चिऊने काढलेलं चित्र आहे: दोन मनोरे, एक लहान, एक मोठा, आणि मध्ये तुम्ही. त्याखाली आईच्या त्याच इरकली लुगड्याचा एक तुकडा आहे, काठाकडचा. धुतलेला नाही.

तुमची,
हत्तूच्या घरची