ऑस्ट्रेलियाच्या इमिग्रेशन मंत्र्यांना खुलं पत्र : जनगणनेचा तक्ता पूर्ण वाचून दाखवा

मा. इमिग्रेशन मंत्री,
ऑस्ट्रेलिया सरकार, कॅनबेरा

स. न. वि. वि.

'बाहेरून आलेले लोक देशाचा धर्म बदलताहेत' हे इथे कुणी काळजीनं म्हणतं, तर आम्हा भारतीयांतलेच काही छाती फुगवून. दोघांनीही तुमच्याच सरकारच्या जनगणनेचा एकच रकाना वाचलेला असतो.

2016 ते 2021 या काळात ख्रिस्ती 52.1 टक्क्यांवरून 43.9 वर आले. हिंदू 1.9 वरून 2.7 वर, मुस्लिम 2.6 वरून 3.2 वर गेले. बौद्ध 2.4 वर जागच्या जागी. आणि 'कोणताही धर्म नाही' म्हणणारे? 30.1 वरून थेट 38.9! चर्चची बाकं मंदिर-मशिदींनी रिकामी केली नाहीत. उलट कित्येक चर्चमध्ये रविवारची गर्दी टिकून आहे ती फिलिपिनो, केरळी आणि आपल्या गोव्याकडच्या कुटुंबांमुळे.

जुन्या एकजिनसी ऑस्ट्रेलियाबद्दल हळहळणाऱ्यांना एक आठवण द्यावी. 1911 साली देश 96 टक्के ख्रिस्ती होता, पण 1901 च्या स्थलांतर-निर्बंध कायद्यानं आशियाई माणसाला दारातच अडवलं होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर इटली, माल्टा, पोलंडहून माणसं आली आणि 1986 च्या जनगणनेत कॅथलिकांनी अँग्लिकनांना मागे टाकलं. धर्माचं चित्र तेव्हाही बदललं होतंच की! आज त्याची कुणाला आठवणही नाही. 1973 मध्ये वंशाची अट पूर्ण गेली. आता व्हिसाचे गुण वय, शिक्षण, अनुभव आणि इंग्रजीला मिळतात, धर्माला शून्य. हे शून्य तसंच राहू द्या, ही पहिली विनंती.

दुसरी जरा पुढची. सिडनीजवळच्या हेलन्सबर्गचं व्यंकटेश्वर मंदिर 1985 चं. ते उभारणारी पिढी आता म्हातारी झाली आहे आणि आज आयटीत, इस्पितळांत राबणारे तरुणही व्हायचेच. वृद्धाश्रमात शाकाहारी किंवा हलाल जेवण, स्वतःच्या भाषेत बोलणारी परिचारिका, अंत्यविधीला पुरेसा वेळ देणारी स्मशानभूमी यांचं नियोजन वीस वर्षं आधी करावं लागतं. माणसं बोलावतं तुमचं खातं आणि हा खर्च पडतो दुसऱ्यांच्या गळ्यात. आरोग्य खात्याला आणि राज्यांना सोबत घेऊन बसा.

2026 च्या जनगणनेचे धर्माचे आकडे हाती आले की पत्रकार पहिला प्रश्न तुम्हालाच विचारतील. तेव्हा अख्खा तक्ता वाचून दाखवा.

आपला,
सिडनीतला एक मराठी मतदार