कँटरबरी आणि डोव्हर दाखवणाऱ्या काकांस

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

आईबाबांना कँटरबरीचे कॅथीड्रल आणि डोव्हरचा किल्ला एकाच दिवसात दाखवलात, त्याबद्दल फोनवर आभार मानलेच होते. तरीही हे पत्र सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे, कारण इंग्लंडमध्ये आईवडिलांना फिरवणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांना आपली दाखवण्याची पद्धत उपयोगी पडेल. या दोन्ही ठिकाणी एकाच राजाची गोष्ट पुढे सरकते, हे आपण गाडीत बसतानाच सांगितलेत, आणि मग दिवसभर जे जे पाहिले ते त्या गोष्टीत आपापल्या जागी बसत गेले.

२९ डिसेंबर ११७० रोजी कँटरबरीचे आर्चबिशप (मुख्य धर्मगुरू) टॉमस बेकेट यांची इंग्लंडच्या राजा दुसऱ्या हेन्रीच्या चार सरदारांनी कॅथीड्रलमध्ये जिथे हत्या केली, तिथे तलवारींच्या शिल्पासमोर आपण आम्हाला थांबवलेत. हुकूम राजाचाच होता का, असे बाबांनी लगेच विचारले. आपण घाईने हो किंवा नाही म्हणाला नाहीत. राजा आणि बेकेट यांची जुनी मैत्री, गुन्हेगार धर्मगुरूंचा न्याय कोणी करायचा यावरून आलेले वितुष्ट, बेकेट यांनी फ्रान्समध्ये काढलेली परागंदा वर्षे आणि राजाचे संतापाचे बोल ऐकून निघालेले सरदार, असा सारा क्रम आपण शांतपणे उलगडलात. बेकेट ११७३ मध्ये संत ठरले आणि पुढच्याच वर्षी हेन्री याच शहरात अनवाणी चालत आला व मठातल्या साधूंच्या हातचे फटके त्याने पाठीवर घेतले, हे ऐकताना आई कितीतरी वेळ त्या फरशीकडे पाहत होती.

समाधीकडे जाणाऱ्या दगडी पायऱ्या यात्रेकरूंच्या येण्याजाण्याने मधोमध खोलगट झाल्या आहेत. आईने वाकून त्या खळग्यावरून हात फिरवला आणि आपल्याकडच्या जुन्या देवळांचे उंबरे असेच झिजतात, असे म्हणाली. आठव्या हेन्रीने १५३८ मध्ये ती समाधी उद्ध्वस्त करवली. आज तिथे मोकळ्या फरशीवर एक मेणबत्ती तेवते. आईला इंग्रजी फारसे कळत नाही. एरवी अशा ठिकाणी ती आमच्या मागून मुकाट्याने चालते. त्या दिवशी तिला मराठीत प्रश्न विचारता आले, आणि एकही प्रश्न आपण किरकोळ मानला नाहीत. माझ्या लेखी आपली सर्वांत मोठी मदत हीच.

डोव्हर तिथून सुमारे २५ किलोमीटर. फ्रान्सचा राजा सातवा लुई ११७९ मध्ये बेकेट यांच्या समाधीच्या दर्शनाला आला, तेव्हा हेन्रीला डोव्हरला जाऊन त्याचे स्वागत करावे लागले. अशा थोर यात्रेकरूंवर छाप पाडावी, हाही त्यानंतरच्या दशकात इथला भव्य बुरूज उभारण्यामागचा एक हेतू असावा, असे इतिहासकार मानतात. त्याच बुरुजात वरच्या मजल्यावर एक लहानसे, नाजूक कोरीवकामाचे प्रार्थनागृह आहे आणि ते बेकेट यांच्याच नावाने आहे. सकाळी कॅथीड्रल पाहिले नसते, तर आम्ही त्या खोलीत डोकावून पुढे गेलो असतो. बाबा मात्र तिथे बसून राहिले. ज्याच्या मृत्यूचा डाग माथी लागला, त्याच्याच नावाची कमान स्वतःच्या किल्ल्यात उभारणाऱ्या राजाविषयी ते अजूनही बोलतात.

रोमन दीपस्तंभ आपण आईच्या गुडघ्यांचा विचार करून दुरूनच दाखवलात, ते बरे झाले. किल्ल्याखालच्या भुयारांसाठी त्यामुळे वेळ उरला. २६ मे ते ४ जून १९४० या काळात दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाचे ॲडमिरल रॅमसे यांनी इथूनच फ्रान्समधल्या डंकर्कला अडकलेल्या सैन्याची सुटका चालवली आणि ३ लाख ३८ हजारांहून अधिक सैनिक परत आणले. त्यांत भारतीय सैन्याच्या खेचरांच्या तुकड्यांतले जवानही होते, हे आपण सांगितले नसते तर आम्हाला कधी कळले नसते. बाबांना त्याविषयी अधिक वाचायचे आहे. सवडीने दोन-चार पुस्तकांची नावे कळवाल का?

भारतात याल तेव्हा सांगलीला आमच्याकडेच उतरावे, असा आईचा आग्रहाचा निरोप आहे.

आपली कृतज्ञ,
एक मराठी मुलगी