क्राइस्टचर्चहून बाबांना

क्राइस्टचर्च,
30 ऑगस्ट 2020

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलेत की इथल्या दोन मशिदींत एक्कावन्न माणसे मारणाऱ्याला फाशी कशी नाही आणि न्यूझीलंड हा देश एवढा मवाळ कसा. घाईत मला नीट सांगता आले नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

खुनासाठी फाशीची शिक्षा इथे 1961 सालीच रद्द झाली. 27 ऑगस्टला न्यायमूर्ती कॅमरॉन मँडर यांनी सुनावलेल्या जन्मठेपेत पॅरोलची सोय नाही, मरेपर्यंत तुरुंगच. फाशी रद्द झाल्यापासून एवढी कठोर शिक्षा या देशात यापूर्वी कोणालाही झाली नव्हती. तेव्हा मवाळ हा शब्द मला मान्य नाही. पंतप्रधान जेसिंडा आर्डर्न यांनी संसदेत त्या मारेकऱ्याचे नाव न उच्चारण्याचा निश्चय जाहीर केला होता. मीही ते इथे लिहिणार नाही.

15 मार्च 2019 च्या त्या शुक्रवारी डीन्स ॲव्हेन्यूवरच्या अल नूर मशिदीत आणि त्यानंतर लिनवूडच्या मशिदीत गोळीबार झाला. मेलेल्यांत तीन वर्षांचे मूलही होते आणि आपल्या देशातून आलेली माणसेही होती. त्या दिवशीची एक गोष्ट तुम्हाला मुद्दाम सांगायची आहे. दोन पोलिसांनी मारेकऱ्याची गाडी धडक देऊन अडवली आणि गाडीत स्फोटके असण्याची भीती असताना त्याला बाहेर खेचून जिवंत पकडले. ती बातमी वाचली तेव्हा मला आपल्या सातारा जिल्ह्याचे तुकाराम ओंबळे आठवले. गिरगाव चौपाटीवर त्यांनी कसाबची बंदूक धरून ठेवली, स्वतः गोळ्या झेलल्या आणि त्यामुळेच तो जिवंत हाती लागून त्याच्यावर रीतसर खटला चालला. शिक्षेबाबत दोन देशांचे कायदे वेगळे आहेत, पण गुन्हेगाराचा निवाडा जमावाने नव्हे तर न्यायालयाने करायचा, हे दोन्हीकडे पाळले गेले.

पुढच्या शुक्रवारी, 22 मार्चला, अल नूर मशिदीसमोरच्या हॅगले पार्कमध्ये नमाज झाला. अजान देशभर रेडिओ-दूरचित्रवाणीवरून ऐकवली गेली, मग दोन मिनिटे शांतता पाळली गेली. नमाज पढणाऱ्यांच्या मागे हजारो लोक उभे होते. त्यांत मीही ओढणी डोक्यावर घेऊन उभी होते. इमाम गमाल फौदा बोलले त्यात दुःख होते, द्वेषाच्या विचारसरणीवर थेट बोट होते, पण कोणाविरुद्ध चिथावणी नव्हती. बाबा, मीही इथे बाहेरून आलेलीच आहे. मारणाऱ्याचा राग आमच्यासारख्या सगळ्यांवर होता, हे ठाऊक असताना त्या गर्दीत मला जो आधार वाटला, तो शब्दांत मांडणे अवघड आहे.

मात्र शहर आणि देश नुसती फुले वाहून थांबले नाहीत. 10 एप्रिलला, म्हणजे चार आठवड्यांच्या आत, सैनिकी पद्धतीच्या अर्धस्वयंचलित बंदुकांवर बंदी घालणारा कायदा संसदेत 119 विरुद्ध 1 मतांनी संमत झाला आणि सरकारने मोबदला देऊन पन्नास हजारांहून अधिक बंदुका परत घेतल्या. कोणावर हात उगारण्यापेक्षा हे काम मला फार मोलाचे वाटते, कारण उद्या असेच करू पाहणाऱ्याच्या हाती तसे हत्यार पडणे त्यामुळे कठीण झाले.

आता क्षमेविषयी. फरीद अहमद यांच्या पत्नी हुस्ना यांनी बायकामुलांना मशिदीतून बाहेर काढले आणि चाकांच्या खुर्चीवर असलेल्या पतीसाठी त्या परत फिरल्या, तेव्हा त्यांना गोळ्या लागल्या. दोनच आठवड्यांनी हॅगले पार्कमधल्या शोकसभेत फरीद म्हणाले की ज्वालामुखीसारखे खदखदणारे हृदय मला नको, मी त्याला क्षमा केली आहे. तुम्ही म्हणाल, सगळ्यांना हे कसे जमावे? जमले नाहीच. या आठवड्यात न्यायालयात हल्ल्यातून बचावलेली माणसे आणि मृतांचे आप्त मारेकऱ्यासमोर उभे राहून बोलले. काहींनी क्षमा केली, काहींनी कधीच करणार नाही असे ठणकावून सांगितले, काहींनी त्याला भ्याड म्हटले. न्यायमूर्तींनी सगळ्यांचे ऐकून घेतले. मला हेच योग्य वाटते. क्षमा करायची की नाही हे ज्याचे माणूस गेले त्याने ठरवावे. आम्ही शेजाऱ्यांनी त्यांच्या वतीने क्षमाही करू नये आणि त्यांच्या नावाने सूडही उगवू नये. त्यांच्या घरी जात राहावे आणि निवाडा न्यायालयावर सोपवावा.

कट्ट्यावर पुन्हा विषय निघाला आणि कोणी या देशाला दुबळा म्हणाले, तर त्या दोन पोलिसांची आणि न्यायालयात बोललेल्या त्या आप्तांची हकीकत त्यांना अवश्य सांगा. आईला नमस्कार.

तुमची लेक