पक्षी लालसर झाला म्हणजे आतलं सारण शिजलं असं होत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत 'खास पाहुण्यांसाठी' म्हणून जी सारण भरलेल्या छोट्या कोंबड्यांची रेसिपी आली होती, कंदमुळांच्या गादीवर अख्ख्या भाजलेल्या, तिच्याबद्दल लिहितेय. फोटो सुरेख होता, त्याबद्दल वाद नाही. पण रेसिपीत दोन वाक्यं अशी आहेत की ती तशीच सोडून देणं मला जमलं नाही. एक म्हणजे 'आदल्या रात्री सारण भरून फ्रिजमध्ये ठेवा' आणि दुसरं 'वरून छान सोनेरी रंग आला की काढा'. या दोन्ही गोष्टी एकत्र केल्या तर जेवण देखणं होईल हो, पण पाहुण्यांचं पोट दुसऱ्या दिवशी काय म्हणेल सांगता येत नाही.

आधी आदल्या रात्रीचं बघू. ब्रेड, कांदा, सेलरी, हर्ब्ज, स्टॉक (हाडं-भाज्या उकळून काढलेलं पाणी) असं ओलसर सारण कच्च्या कोंबडीच्या पोटात घट्ट भरलं की ते फ्रिजमध्येसुद्धा पटकन गार होत नाही, मधला भाग बराच वेळ कोमट राहतो, आणि साल्मोनेलासारख्या जंतूंना हवं असतं ते हेच, ओलावा, खाणं आणि ऊब. 5 ते 60 डिग्री सेल्सिअस हा त्यांच्या वाढीचा पट्टा. म्हणून सारण भरायचं ते ओव्हनमध्ये घालायच्या अगदी आधी, आणि शक्यतो गरम गरम सारणच भरायचं आणि लगेच ट्रे आत सरकवायचा. आदल्या दिवशी काम उरकायचंच असेल तर कांदा परतून ठेवा, ब्रेडचे तुकडे वाळवून ठेवा, पण ओलं आणि सुकं वेगळंच राहू दे, आणि कोंबडीच्या पोटात तर काहीच नको.

आता रंगाचं. मोठ्या पक्ष्यापेक्षा छोट्या पक्ष्यात ही गडबड जास्त होते हे रेसिपी लिहिणाऱ्यांच्या लक्षात आलेलं दिसत नाही. या छोट्या कोंबडीला गेम हेन म्हणजे 'शिकारीची कोंबडी' म्हणतात, पण ती काही रानातून धरून आणलेली नसते, कॉर्निश जातीच्या संकरातली ही कोवळी कोंबडीच, अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे वय 5 आठवड्यांच्या आत आणि साफ केलेलं वजन साधारण 900 ग्रॅमच्या आत. पूसँ म्हणून मिळते ती अजून लहान, अर्ध्या किलोच्या आसपास. एवढ्याशा अंगाला बाहेरून उष्णता पटकन लागते, छातीचं मांस पातळ असतं, ते भराभर शिजून कोरडं व्हायला लागतं, आणि मधोमध ठासून भरलेलं सारण मात्र मांसाच्या आड दडलेलं असल्यामुळे सगळ्यात शेवटी तापतं. वर शिजताना कोंबडीचा कच्चा रस त्याच सारणात झिरपतो. म्हणजे सारणाला नुसतं 'गरम' होऊन चालत नाही, कोंबडीइतकंच पूर्ण शिजायला लागतं. त्याचा आकडा आहे 74 डिग्री सेल्सिअस. मांडीच्या आतल्या जाड भागात 74, हाडाला न टेकवता, आणि थर्मामीटर पोटाच्या तोंडातून आत घालून सारणाच्या अगदी मध्यातही 74. हे दोन आकडे तुमच्या पानावर कुठेच नव्हते, दालचिनीच्या काडीला मात्र अख्खी ओळ होती!

आणि कृपया 'टोचून बघा, रस पारदर्शक आला की झालं' असं उत्तर देऊ नका. कोवळ्या पक्ष्याची हाडं सच्छिद्र असतात, आतल्या मगजाचा रंग बाहेर झिरपतो आणि पूर्ण शिजलेलं मांसही हाडापाशी लालसर दिसू शकतं. उलट कधीकधी रस अगदी स्वच्छ येतो आणि आतलं तापमान अजून कमीच असतं. म्हणजे रंग दोन्हीकडून फसवतो, एक साधा, मांसात टोचायचा प्रोब थर्मामीटर फसवत नाही.

मग छाती वाळू न देता सारण शिजवायचं कसं, तर खरी अडचण इथेच आहे आणि माझं मत विचाराल तर सारण कमी भरा. दाबून तर मुळीच नको, पोट दोन तृतीयांश भरलं की थांबायचं, कारण ब्रेड रस पिऊन फुगतो. उरलेलं सारण वेगळ्या भांड्यात लोणी लावून त्याच ओव्हनमध्ये भाजा, वरचा थर छान कुरकुरीत होतो आणि खरं सांगायचं तर पुष्कळ लोकांना तेच जास्त आवडतं. 600 ग्रॅमच्या भरलेल्या कोंबडीला 190 डिग्रीवर तासभर तरी धरा, पण तो अंदाज आहे, ओव्हन कसा आहे आणि पक्षी फ्रिजमधून किती गार आलाय त्यावर पंधरावीस मिनिटं इकडेतिकडे होतात. मांडी 74 ला पोचली आणि सारण अजून 65 वरच असेल तर कोंबडीला अजून भाजत बसू नका, सारण चमच्याने काढून भांड्यात घाला आणि 74 होईपर्यंत ते एकटंच ओव्हनमध्ये ठेवा. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पाहुण्यांना कळतही नाही.

कातडी कुरकुरीत हवी असेल तर मात्र आदल्या रात्रीचा उपयोग करा, भरायला नाही, मीठ लावायला. 600 ग्रॅमच्या पक्ष्याला 6 ग्रॅमच्या आसपास मीठ, सगळीकडे चोळून, न झाकता फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ट्रेवर, म्हणजे रस गळला तरी दुसऱ्या कशावर पडणार नाही. मीठ आत मुरतं, कातडी वाळते, आणि वाळलेली कातडीच लालसर होते. रेसिपीत 'नळाखाली स्वच्छ धुवून घ्या' असंही होतं, तेही काढा. धुतल्याने जंतू जात नाहीत, शिंतोड्यांबरोबर सिंकभर आणि ओट्यावर पसरतात, शेजारी सॅलड चिरून ठेवलेलं असेल तर त्यावरही. पेपर टॉवेलने टिपायचं, बस. हे वाचून बऱ्याच जणांच्या कपाळावर आठ्या येतील, मला माहितीय, पण जंतू मारायचं काम ओव्हनचं आहे, नळाचं नाही.

कंदमुळांबद्दल रेसिपीत एवढंच होतं की 'आवडीची घ्या'. अहो, तीच तर अर्धी डिश आहे! गाजर, पार्सनिप (गाजरासारखं पांढरट कंदमूळ), बटाटा, सलगम अडीच सेंटिमीटरच्या एकसारख्या तुकड्यांत कापा, तेल मीठ लावा आणि ट्रेमध्ये एकाच थरात मोकळे पसरा. एकावर एक रचले तर ते भाजले जात नाहीत, स्वतःच्याच वाफेत उकडतात. रताळं लवकर मऊ पडतं म्हणून ते वीसेक मिनिटं उशिरा. बीट वेगळ्या ट्रेमध्ये किंवा फॉइलमध्ये, नाहीतर सगळा ट्रे गुलाबी, छातीचं मांससुद्धा. कोंबड्या बाहेर काढून 10 मिनिटं विसाव्याला ठेवल्या की भाज्यांचा ट्रे परत आत, 220 वर, तेवढ्या वेळात कडा खरपूस होतात. ट्रेच्या तळाशी जे चिकटलेलं असतं ते टाकून देऊ नका, थोडा स्टॉक घालून लाकडी चमच्याने खरवडा आणि उकळून घ्या, वेगळा सॉस करायची गरजच नाही.

अजून एक, फोटोत एकाच ट्रेमध्ये आठ कोंबड्या खेटून बसवल्या होत्या. फोटोला ठीक आहे. पण खेटल्या की मधल्या बाजूंना गरम हवाच लागत नाही, वेळ वाढतो आणि कडेच्या वाळतात. दोन ट्रे करा, मधे एकदा वरचा खाली खालचा वर. आणि जेवण एवढं थाटाचं असेल तर दर माणशी अख्खा पक्षी ताटात ठेवण्याचा हट्ट मला तरी पटत नाही, सुरीकाट्याने एवढ्याशा हाडांशी झटापट करताना माणूस गप्पा मारायचं विसरतो. स्वयंपाकघरातच मजबूत कात्रीने उभे दोन भाग करा, खाली सारणाचा ढीग, वर अर्धी कोंबडी, बाजूला भाज्या. यात सारण आतून शिजलंय का ते वाढायच्या आधीच डोळ्यासमोर येतं आणि शंका आली तर थर्मामीटर परत घालता येतो. उरलं तर सारण पोटातून काढून वेगळ्या डब्यात, सगळं दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये.

तेव्हा विनंती एवढीच की येत्या रविवारी त्याच पानावर छोटी चौकट टाकून ती दोन वाक्यं दुरुस्त करा, आणि यापुढे भरलेल्या मांसाची कुठलीही रेसिपी छापताना पक्ष्याचं वजन आणि आतलं तापमान हे दोन आकडे साहित्याच्या यादीतच द्या. जागा कमी पडत असेल तर फोटो थोडा लहान केला तरी चालेल.

आपली,
एक नियमित वाचक