शैली शोधण्याआधी अक्षर घोटा

संपादक महोदय,

उपयोजित कलेचे, म्हणजे जाहिरात आणि छपाईसाठी लागणाऱ्या चित्रकलेचे, शिक्षण संपवून दरवर्षी अनेक मुले-मुली पोर्टफोलिओ, म्हणजे आपल्या निवडक कामांचा संच, घेऊन नोकरीच्या शोधात निघतात. त्यांच्या हातात कसब असते, मेहनतही दिसते. पण वीस-पंचवीस कामे चाळून झाली तरी ती नेमकी कोणी केली हे सांगता येत नाही. रंगांच्या त्याच फिकट छटा, तोच इंग्रजी फॉन्ट, आणि मराठी मजकूर असलाच तर यादीत पहिला सापडला त्या फॉन्टमध्ये ओतलेला. ‘माझी शैली अजून सापडत नाही’ असे ही मुले मनापासून म्हणतात, म्हणून हे पत्र.

शैलीचा माग काढायचा एक साधा मार्ग आहे. आपली शेवटची वीस कामे एकाच आकारात, कृष्णधवल छापून भिंतीवर लावावीत. रंग गेला की मांडणी उघडी पडते. मग प्रत्येक कामावर पेन्सिलीने लिहावे: हा निर्णय ग्राहकाचा, हा टेम्प्लेटचा (तयार साच्याचा), हा संदर्भचित्रातून उचललेला, हा माझा. ‘माझा’ असे जिथे लिहिता येते त्या जागा सुरुवातीला दोन-तीनच निघतात. पुढच्या कामाला तिथूनच सुरुवात करावी.

एकच साचा सगळीकडे वापरणे म्हणजे ओळख, हा गैरसमजही दूर व्हायला हवा. अक्षररेखाटनकार कमल शेडगे यांनी नाटकांची शीर्षके रेखाटताना प्रत्येक नाटकाला वेगळे अक्षर दिले, तरी जाणकाराला त्यांचा हात ओळखू येत असे. अक्षररचनाकार र. कृ. जोशी जाहिरात क्षेत्रात होते, आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात त्यांनी शिकवले, आणि पुढे विंडोजसोबत घरोघरी पोचलेला ‘मंगल’ फॉन्ट त्यांच्या हातून घडला. बोरूपासून (बोरूच्या कांडीची लेखणी) संगणकापर्यंत साधन बदलत गेले, पण लिपीचा अभ्यास सुटला नाही. व्यावसायिक वाढ म्हणतात ती ही.

मराठीत काम करणाऱ्याने हा अभ्यास देवनागरीपासून सुरू करावा, कारण तयार टेम्प्लेट इथे लवकर तोकडे पडते. बोरू किंवा कट निब (तिरप्या टोकाची निब) घेतली की पहिला धडा मिळतो. इंग्रजी वळणात डावीकडून उजवीकडे उतरणारी तिरकी रेघ जाड येते. देवनागरीत उजवीकडून डावीकडे उतरणारी. म्हणून इंग्रजी फॉन्टचे तुकडे जोडून केलेले मराठी अक्षर लंगडे दिसते. त्याची जाडी चुकीच्या अंगाला पडलेली असते. दुसरा धडा शिरोरेषेचा, म्हणजे अक्षरांच्या डोक्यावरच्या आडव्या रेघेचा. उभी आणि आडवी रेघ मोजून सारखी काढली, तर डोळ्याला आडवी जाड वाटते. ती किंचित बारीक ठेवावी लागते. अक्षर ठळक करताना ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘झ’ बुजतात, ‘म’ आणि ‘भ’च्या गाठी भरून येतात. वर्तमानपत्राच्या कागदावर शाई पसरते, त्यामुळे पडद्यावर मोकळी वाटणारी पोकळी छापून आल्यावर बंद झालेली असते. छोट्या जाहिरातीचा नमुना खऱ्या आकारात छापून पाहिल्याशिवाय पुढे पाठवू नये.

संगणकावरच्या चुका तर रोज दिसतात. मथळा ऐसपैस दिसावा म्हणून अक्षरांमधले अंतर वाढवले की शिरोरेषा तुटते. ओळींमधले अंतर अक्षराच्या आकाराच्या साधारण दीडपट हवे, नाहीतर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची मात्रा एकमेकांना भिडतात. इनडिझाइन या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये परिच्छेदाचा कंपोझर (मजकूर जुळवणारी सोय) ‘वर्ल्ड-रेडी’ केला नाही, तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे येण्याऐवजी उजवीकडे पडते आणि जोडाक्षरे सुटी होतात. ‘ल’ आणि ‘श’ यांचे मराठी वळण हवे असेल, तर तशी सोय असलेला फॉन्ट घेऊन मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडावी. आणि ‘ऱ्य’ जरूर तपासावा. आचाऱ्याला द्यायचा निरोप आचार्याला जाणे परवडणारे नाही! ‘ऱ’, हलन्त (पाय मोडण्याची खूण) आणि ‘य’ असे टंकूनही नीट उमटत नसेल, तर तो फॉन्ट मराठीसाठी बाद समजावा.

असे शंभर बारीक निर्णय स्वतः घेतले की हाताला वळण लागते, आणि पोर्टफोलिओत तेच दिसायला हवे. पंचवीसऐवजी दहा कामे ठेवा. प्रत्येकाचे पहिले कच्चे रेखाटन, मधला फसलेला प्रयत्न आणि छापील प्रत शेजारी लावा. काम कोणत्या मापाचे, कोणत्या कागदावर, कोणासाठी, आणि एखादा बदल का केला, हे तीन-चार ओळींत लिहा. गटात केलेल्या कामात आपला वाटा नेमका किती तेही लिहा. फक्त रंग भरले असतील तर तसेच सांगा. कच्ची कामे तारखेनिशी जपावीत. छपाईला पाठवताना अक्षरांची बाह्यरेषा केली जाते, म्हणजे मजकुराचे चित्र होते आणि तो बदलता येत नाही, आणि मूळ मजकूर असलेली फाइल बरेचदा पुसली जाते. मग वर्षभराने आपलेच काम उलगडून पाहता येत नाही.

कला शिक्षकांना विनंती आहे की पहिल्या वर्षी निदान एक सत्र संगणकाशिवाय बोरूवर द्यावे. आणि जाहिरात संस्थांनी मुलाखतीत उमेदवारासमोर कागद-पेन्सिल ठेवून ‘ज्ञानेश्वर’ एवढा एकच शब्द दोन वेगळ्या भावांत रेखाटायला सांगावा. अर्धा तास पुरतो.

आपला,
एक उपयोजित चित्रकार, पुणे