पेन, घड्याळ ओळखलं म्हणजे झालं?

महोदय,

माझे वडील मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर दिवाणजी. गेल्या वर्षी त्यांना पक्षाघाताचा सौम्य झटका आला. हातपाय आठवड्यात पूर्ववत झाले. डॉक्टरांनी पेन, घड्याळ दाखवलं, वडिलांनी नावं सांगितली, 'बोलणं ठीक' असा शेरा पडला आणि आम्ही घरी आलो. पण सौद्याच्या गलक्यात त्यांना बोली समजेना. नेमका शब्द हवा तेव्हा 'ते हे... आपलं ते' एवढंच. रंकाळ्यावर मित्रांच्या गप्पांत ते नुसते हसू लागले. आम्ही म्हणालो, वय झालं.

सहा महिन्यांनी एका स्पीच थेरपिस्टनी त्यांना मिनिटभरात आठवतील तेवढे प्राणी सांगायला लावले. बालपण म्हशींच्या गोठ्यात गेलेला माणूस पाचावर अडकला! हा सौम्य वाचाघात. माणूस शहाणाच असतो, शब्द मात्र वेळेवर हाती लागत नाही. नेहमीच्या चाचण्यांतून तो निसटतो. वेस्टर्न अफेजिया बॅटरी या वाचाघाताच्या चाचणीत 100 पैकी 93.8 ही सीमारेषा, त्याखाली गुण पडले तर वाचाघात. त्याहून जास्त गुण मिळवूनही काहींना संभाषण जड जातं.

रुग्णाला घरी सोडण्यापूर्वी पेपरातली एखादी बातमी स्वतःच्या शब्दांत सांगायला लावावी. घरच्यांनाही 'पूर्वीसारखं बोलतात का?' एवढं विचारावं. याला कुठलं मशीन लागत नाही. आणि हे सगळं मराठीतच व्हावं. आमच्या वडिलांना कोल्हापुरीखेरीज दुसरी भाषा येत नाही.

– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर