डिशवॉशर आधी ठरवा, ओटा नंतर

महोदय,

सणांच्या तोंडावर घराविषयीच्या पुरवण्यांतून डिशवॉशरबद्दल बरेच छापून येते. भर असतो तो भांडी किती मावतात आणि सवलत किती यावर. आर्किटेक्ट न नेमता मिस्त्री, प्लंबर आणि वायरमन स्वतःच जमवून स्वयंपाकघर नवे करणाऱ्यांना ज्याची खरी गरज असते, ते त्यात सापडत नाही. यंत्र वीज किती वाचवणार, हे दुकानात जेवढे ठरते तेवढेच ओट्याखाली ठरते. म्हणून हे पत्र.

आधी विजेचे. डिशवॉशरची बहुतेक वीज पाणी तापवण्यात जाते, मोटर फार थोडी खाते. त्यामुळे तीन-साडेतीन तास चालणारा इको प्रोग्राम वीज जास्त खातो, हा समज उलटा आहे. तो पाणी कमी तापवतो आणि भांडी जास्त वेळ भिजवतो. 12 ते 14 सेटच्या (एक सेट म्हणजे एका माणसाची जेवणाची भांडी) चांगल्या यंत्राला इकोमध्ये साधारण पाऊण ते एक युनिट वीज आणि 9 ते 12 लिटर पाणी लागते. 65-70 अंशांच्या इंटेन्सिव्हमध्ये हाच आकडा दीड युनिटाच्या आसपास जातो. रोज एकदा यंत्र लावले तर महिन्याला इकोचे 24 युनिट आणि इंटेन्सिव्हचे 42 असा फरक पडू शकतो. महावितरणच्या बिलात 100 आणि 300 युनिटांना दर बदलतो, तेव्हा काठावर असणाऱ्यांनी हा हिशेब जरूर करावा. विक्रेत्याकडून माहितीपुस्तिका मागून घ्यावी आणि त्यातला प्रत्येक प्रोग्रामचा युनिट-लिटरचा तक्ता वाचावा. युरोपीय लेबलावर मोठ्या अक्षरांत असतो तो इकोच्या 100 धुण्यांचा आकडा, एका धुण्याचा नव्हे. ‘हाफ लोड’ने वीज निम्मी होत नाही. 8 सेटचे छोटे यंत्र दोनदा लावण्यापेक्षा मोठे एकदा भरून लावणे केव्हाही स्वस्त. दुकानात जाताना घरातली सर्वांत मोठी थाळी आणि पाच लिटरचा कुकर बरोबर न्यावा. तेरा इंची थाळी खालच्या रॅकमध्ये उभी केली की वरच्या फिरत्या पात्याला अडते का, हे तिथेच कळते. संकोच कसला?

आता ओटा. बिल्ट-इन यंत्राची उंची किमान 81.5 सेंटिमीटर असते. सुटे यंत्र 85 सेंटिमीटरपर्यंत जाते, आणि काहींचेच वरचे झाकण काढता येते. आपला ओटा 33 इंची, म्हणजे 84 सेंटिमीटर. त्यातून वरचा ग्रॅनाइट, खालचा कडप्पा आणि मधला माल वजा केला की खाली 79-80 उरतात. यंत्र बसत नाही ते इथे, आणि मग घाईघाईने फरशी फोडली जाते. ओटा 35 इंची करावा, नाहीतर तेवढ्या भागात कडप्पा न घालता ग्रॅनाइटखाली लोखंडी अँगल द्यावा. मधला उभा कडप्पा आधाराशिवाय काढला तर ग्रॅनाइट सिंकच्या कापापाशी तडकतो. रुंदीला मोकळे 60 सेंटिमीटर हवेत. दोन कडप्प्यांतले ‘दोन फूट’ टाइल लावल्यावर 58 होतात. यंत्राखालची फरशी बाहेरच्या फरशीच्या पातळीतच असावी. पुढे नवी टाइल चढवली तर यंत्र दुरुस्तीसाठी बाहेर ओढता येत नाही. धुणे संपल्यावर दार आपोआप उघडणारी यंत्रे वाळवणीची वीज वाचवतात, पण त्यांची वाफ थेट वर जाते. वरचा भाग प्लायचा असेल तर खोक्यातली चकाकती पट्टी खालून चिकटवायला सुताराला सांगावे. तो ती हमखास फेकून देतो.

पाण्याचा दाब कुणी मोजत नाही. टाकी आणि नळ यांच्या उंचीत 10 मीटरचा फरक म्हणजे 1 बार. यंत्राला निदान 0.3 ते 0.5 बार लागतो. वरच्या मजल्यावर टाकी जेमतेम तीन-चार मीटर वर असते. तिथे यंत्र पाणी भरता भरता चूक दाखवून थांबते. नळ पूर्ण उघडल्यावर दहा लिटरची बादली मिनिटभरात भरली नाही तर दाबाचा पंप लागेल, असे समजावे. नळ पाऊण इंची आट्यांचा घ्यावा, नेहमीचा अर्धा इंची अँगल कॉक चालत नाही.

सोलरचे गरम पाणी जोडण्याचा मोह होतो. पुस्तिकेत 60 अंशांपर्यंत परवानगी असेल तर जोडता येते, पण यंत्र एका वेळी तीन-चार लिटरच घेते आणि गच्चीपासूनच्या 20 मीटर पाऊण इंची पाइपात पाच लिटर गार पाणी उभे असते. ते आधी नळातून काढले नाही तर उपयोग शून्य.

बोअर किंवा टँकरचे पाणी असेल तर टीडीएस मीटरवर (तो विरघळलेले सगळेच क्षार मोजतो) विसंबू नये, जडपणाची पट्टी वापरावी. यंत्रात जड पाणी मिठाच्या मदतीने मऊ करणारा भाग असतो, त्याची सेटिंग बहुधा जडपणाच्या जर्मन अंशांत असते: 1 अंश म्हणजे सुमारे 18 पीपीएम, तेव्हा 400 पीपीएमला 22. सेटिंग कमी ठेवली तर हीटरवर क्षार बसतात. त्या भागात घालायचे मीठ डिशवॉशरचेच, जाडे. घरातले बारीक मीठ गठ्ठे करते. भरल्यावर लगेच धुणे लावावे, सांडलेल्या मिठाने स्टीलचा तळ गंजतो.

वायरमनला 16 अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) सांगावा. सॉकेट यंत्रामागे नव्हे, शेजारच्या कपाटात. सांडपाण्याची नळी सरळ मोरीच्या जाळीत टाकण्याची आपल्याकडे रीत आहे. ती नळी आधी जमिनीपासून 40 सेंटिमीटरवर चढवून मग खाली उतरवावी, नाहीतर सायफन होऊन भरलेले पाणी लगेच वाहून जाते. यंत्र पुन्हा भरते, पुन्हा तापवते. पहिली दोन धुणी स्कर्टिंगची पट्टी न लावता चालवावीत आणि नळाच्या आट्यांखाली कोरडा कागद ठेवावा, म्हणजे गळती कपाट फुगण्याआधी दिसते.

– एक गृहसजावट ठेकेदार, ठाणे